रोज दीड तास इंटरनेट बंद ठेवावं का?

अभ्यासिकावाली काकू, नवी पेठ
स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी माझी चाळीस खुर्च्यांची अभ्यासिका आहे. गेल्या मंगळवारी रस्ता खोदताना केबल तुटली आणि चार तास वायफाय गेलं. बऱ्याच मुलांचा मोबाइल डेटाही दुपारपर्यंत संपलेला असतो. पहिला अर्धा तास नुसती चुळबुळ. मग इतकी शांतता झाली की पानं उलटल्याचा आवाज यायला लागला. रात्री एक मुलगा म्हणाला, "काकू, राज्यघटनेची दोन प्रकरणं सलग वाचून झाली, महिन्याभरात पहिल्यांदाच."

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा होतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद राहतात. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवायला मनाई केली. मग पुण्यात सात ते साडेआठ घरातलं आणि मोबाइलवरचं इंटरनेट बंद ठेवायला काय हरकत आहे? दवाखाने, बँका, पोलिस सोडून. आपण याच्या इतके आहारी गेलोय की कुणीतरी बाहेरूनच बंद केल्याशिवाय सुटणार नाही, असं मला खरंच वाटतं.

मंडईतला गाळेवाला
काकू, सात ते साडेआठ ही माझ्या धंद्याची वेळ. हापिसं सुटली की गिऱ्हाईक येतं आणि बहुतेक जण मोबाइलनेच पैसे देतात. सुट्टे ना त्यांच्याकडे, ना माझ्याकडे. तेवढा वेळ नेट गेलं तर पालेभाजी दुसऱ्या दिवशी कोण घेणार? आणि वडगावात गावाने आपण होऊन ठरवलं. भोंगा वाजतो, टॉवर चालूच असतो. फरक मोठा आहे.

मूळचा शिरूरचा
बंदी कशी असते ते मी पाहिलंय. मराठा आरक्षणासाठीच्या ९ ऑगस्ट २०१८ च्या बंदला पुणे जिल्ह्यातल्या काही तालुक्यांत इंटरनेट तोडलं होतं, त्यात आमचं शिरूरही होतं. अफवा थांबल्या नाहीत, तोंडोतोंडी फिरतच राहिल्या. खरं-खोटं पडताळायची सोय तेवढी गेली.

कायद्याचंही बघा. काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीवरच्या अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही, आदेश प्रसिद्ध करावा लागेल आणि बंदी गरजेपुरतीच हवी. केरळातलं प्रकरण तर तुमच्या सूचनेच्या अगदी जवळचं आहे. एका वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा मुलींना फोन वापरायला बंदी होती, कारण काय तर अभ्यास. एक विद्यार्थिनी उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने इंटरनेट वापरणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. अभ्यास कसा करायचा, हे त्या मुलीनेच ठरवायचं ना?

कोथरूडची आई
माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. "तुम्ही घरात नियम करा" असं सगळे सांगतात. केला. वर्गाचा सगळा ग्रुप रात्री बोलत असतो आणि सकाळी ही एकटी पडते. एकट्या घराने कसं लढायचं? सगळ्यांचं एकाच वेळी बंद झालं तर कुणीच मागे पडत नाही. भारनियमनाच्या दिवसांत आमच्या चाळीत दिवे गेले की सगळी पोरं अंगणात यायची. काकूंच्या बाजूने मी शंभर टक्के.

मंडईतला गाळेवाला
ताई, तुमची अडचण खरी आहे. माझ्याही घरी दोन पोरं आहेत. पण ते भारनियमन टळावं म्हणून २००६ मध्ये पुणेकरांनी विजेला जास्तीचा आकार मोजला. अंगणाची आठवण गोड असली, तरी अंधार कुणालाच नको होता.

निवृत्त बँक कर्मचारी, सहकारनगर
बत्तीस वर्षं काउंटरवर बसलो, म्हणून लिहितो. चटक आणि अवलंबन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या शेजारच्या आजी एक्याऐंशीच्या. गेल्या महिन्यात त्यांना रक्त तपासणीचा अहवाल हातात मिळेना. ओटीपी मुलाच्या फोनवर जायचा, मुलगा बंगळुरात, मीटिंगमध्ये. दोन तास बाकावर बसून होत्या. त्यांनी आयुष्यात एक रील पाहिलेलं नाही!

अकरावीचा प्रवेश ऑनलाइन. रेशन दुकानातल्या यंत्राला सर्व्हर मिळाला नाही की अंगठा लागत नाही आणि धान्य अडकतं. आधी आपण कागद काढून घेतला, खिडकी बंद केली. आता उरलेलं इंटरनेटही बंद केलं तर माणसाने जायचं कुठे? मागणी करायचीच तर अशी करा: प्रत्येक सरकारी कामाला, प्रत्येक बँकेत, प्रत्येक दवाखान्यात एक माणूस असलेली खिडकी कायम राहिली पाहिजे. नेट गेलं तरी चालणारी.

अभ्यासिकावाली काकू, नवी पेठ
काका, आजींचं वाचून गलबललं. मी फक्त माझ्या चाळीस खुर्च्या पाहून लिहिलं. शहरभर बंद करायचं मी मागे घेते. पण कोथरूडच्या ताईंना इथे कुणीच उत्तर दिलेलं नाही. तेरा वर्षांच्या मुलीच्या इच्छाशक्तीवर सगळा भार टाकणं मला अजूनही पटत नाही. निदान त्यांच्या सोसायटीने वडगावसारखं ठरवून बघावं. माझ्यापुरतं सांगते, सोमवारपासून अभ्यासिकेतला राउटर सात ते साडेआठ बंद ठेवीन म्हणते.

खुर्ची क्रमांक सतरा
काकू, मी तुमच्याकडेच बसतो. आमची सराव परीक्षा ऑनलाइन असते, रोज सातलाच. दुपारी दोन ते साडेतीन बंद ठेवाल का? मी बाकीच्यांना विचारून ठेवतो.