शिफ्ट बदलताना जबाबदारी कोणाची ठरवायची? मदत हवी आहे

आमचं भोसरी एमआयडीसीत छोटं सीएनसी मशीन शॉप आहे, मी प्रॉडक्शन सुपरवायझर. काम तीन शिफ्टमध्ये चालतं. रात्रपाळीत कुणीतरी इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदलतो, ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली टूलची माप-दुरुस्ती) हलवतो आणि पुढच्याला सांगत नाही. सकाळी बोअर (पार्टमधली भोकं) ओव्हरसाइज निघतात. विचारलं की उत्तर ठरलेलं: "मी मशीन सोडलं तेव्हा माप बरोबर होतं."

हँडओव्हर रजिस्टर ठेवलं, पण सह्या न वाचताच होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकायला सांगितले, तेही हळूहळू थंडावलं. मालक दंड लावा म्हणतात. कायद्याने तो पगाराच्या ३ टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही, पण माझी खरी भीती वेगळी आहे: दंड लागला की पोरं खराब पार्ट लपवतील आणि ते थेट ग्राहकाकडे पोहोचतील. आज निदान ते माझ्यासमोर तरी येतात, ते मला गमवायचं नाही.

अडचणी अशा: बस वेळेवर सुटते, त्यामुळे दोन शिफ्टच्या ओव्हरलॅपला पाच मिनिटंही मिळत नाहीत. निम्मे ऑपरेटर कंत्राटी आहेत. सॉफ्टवेअरला बजेट नाही.

आता विचार असा आहे की जाणाऱ्याने शेवटचा पार्ट माप लिहून मशीनवर ठेवायचा आणि येणाऱ्याने तो पुन्हा मोजूनच मशीनची सायकल सुरू करायची. ओव्हरलॅप नसताना कुणी हे टिकवून दाखवलंय का? आणि दोन मापं जुळली नाहीत, तर निर्णय ऑपरेटरकडे ठेवलात, सेटरकडे (मशीन सेट करून देणाऱ्याकडे) की क्वालिटीकडे?