रस्त्यावरची छायाचित्रे: रंग ठेवावेत की काढावेत?

प्रश्न
पावसात लाल छत्री घेऊन हिरव्या भिंतीजवळून जाणाऱ्या वृद्धेचे एक छायाचित्र मी टिपले आहे. संपादन करताना ते कृष्णधवल केले, की तिच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या उठून दिसतात, पण छत्री भिंतीत विरून जाते. असा निर्णय आपण कसा घेता?

उत्तर १
छत्री विरते, कारण लाल आणि हिरव्याची उजळता जवळपास सारखी असल्यास दोहोंची करडी छटा एकच होते. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, रंगांची माहिती शाबूत असते. त्यामुळे कृष्णधवल रूपांतर करताना संपादनाच्या सॉफ्टवेअरमधली लाल रंगाची पट्टी (स्लायडर) उजळ आणि हिरव्याची गडद केल्यास छत्री पुन्हा वेगळी दिसेल. मात्र लाल फार वाढवू नका, त्वचा फिकट पडते आणि ज्या सुरकुत्यांसाठी हा खटाटोप चालला आहे, त्याच पुसल्या जातात.

उत्तर २
माझे मत थोडे वेगळे आहे. नजर प्रथम छत्रीकडे जाऊन मग चेहऱ्यावर स्थिरावत असेल, तर रंग हाच त्या चित्राचा विषय आहे. १९७६ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात अमेरिकी छायाचित्रकार विल्यम एगल्स्टन यांची रंगीत छायाचित्रे मांडली गेली, तेव्हा अनेक समीक्षकांनी नाके मुरडली होती. कृष्णधवल म्हणजेच कलात्मक, हा समज तेव्हा इतका पक्का होता. कृपया केवळ गांभीर्य आणण्यासाठी रंग काढू नका.

प्रश्नकर्ता
पट्ट्या हलवून पाहिल्या. छत्री परतली, पण पावसाचा ओलेपणा रंगातच अधिक जाणवतो. रंगीतच ठेवतो.