गावाकडील आजी-आजोबांचा रोजचा आनंद नेमका कशात असतो?

प्रश्न : दारव्ह्याचा नातू

मी मूळचा यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्याचा असून नऊ वर्षांपासून नोकरीसाठी पुण्यात राहतो. गावी माझे आबाजी (वय ८३), आजी (वय ७७) आणि काका-काकू आहेत. यंदा दिवाळीला दहा दिवस गावी राहिलो आणि परत येताना एक गोष्ट मनाला लागली. या मंचावर अनेकांची मुळे खेड्यात असल्यामुळे तिच्याविषयी तुमच्याशी बोलावेसे वाटले.

दोन वर्षांपूर्वी आजीच्या गुडघ्यांचे दुखणे वाढले, तेव्हापासून आम्ही सर्वांनी मिळून तिची कामे एकेक करून काढून घेतली. अंगणातला सडा काकूंकडे गेला, ताक घुसळणे बंद झाले, बैठकीत मोठा टीव्ही आला आणि त्याच्यासमोर पाठीला टेकता येईल अशी खुर्ची आली. आमचा हेतू तिला सुख देण्याचाच होता, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. मात्र यंदा कापसाच्या पहिल्या वेच्याच्या दिवशी काकू आणि वेचणाऱ्या बाया सीतादहीसाठी शेतात गेल्या, आणि शेत दीड किलोमीटरवर असल्यामुळे आजीला घरीच ठेवले. ज्यांना ही रीत ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, की आमच्याकडे कापूस वेचायला सुरुवात करण्यापूर्वी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पूजा मांडतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवून तो शेतात शिंपडतात आणि मगच पहिल्या बोंडाला हात लावतात. लग्न होऊन आल्यापासून तो दहीभात आमच्या शेतात आजीच्याच हातून शिंपडला गेला होता. त्या संध्याकाळी तिने मला फक्त एवढेच विचारले, "मले काऊन नाही नेलं रे?" मी गुडघ्यांचे कारण सांगितले, ती काही न बोलता देवघरात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच आजी हाका मारून सर्व घर अंगणात गोळा करीत होती, कारण तुळशीजवळच्या देवकपाशीचे बोंड फुटले होते. तिने तो कापूस ओट्यावर बसून नखांनी सरकीपासून सोडवला, बोटांनी मोकळा केला, बाजूच्या वाटीतली राख बोटाला लावून त्याचे सूत ओढले आणि एक वात वळून माझ्या तळहातावर ठेवली. त्रिपुरी पौर्णिमेला शंकराच्या देवळात लावायची साडेसातशे पदरांची वात ती दरवर्षी स्वतः करते, हे मला बत्तिसाव्या वर्षी त्या सकाळी कळले. दोन वर्षांत त्या खुर्चीत बसलेली असताना तिचा चेहरा तसा उजळलेला मी पाहिला नव्हता.

आबाजींचे वेगळे आहे. आमच्या भागातून मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी शकुंतला रेल्वे जात असे. १९९४ मध्ये तिचे वाफेचे इंजिन जाऊन डिझेलचे आले आणि पुढे गाडीही थांबली. तरी आबाजी अजून सायंकाळी गाडीच्या वेळेला ओट्यावर येऊन बसतात, त्यांचे दोन सोबती येतात आणि कोणाच्या शेतात किती बोंडे लागली यावर बोलणे सुरू होते. गाडी येत नाही, तरी तिची वेळ त्यांनी मोडलेली नाही.

मला विचारायचे आहे ते असे. तुमच्या घरच्या वृद्धांना रोजच्या दिवसात खरा आनंद कोणत्या गोष्टीत मिळतो? आम्ही काळजीपोटी जे काढून घेतले, त्यातले काय परत द्यावे? आणि दूर राहणाऱ्या नातवाला त्या आनंदात काही वाटा घेता येतो का?

उत्तर : झाडीपट्टीची लेक

दादा, तुमच्या आजीचा प्रश्न वाचून माझी आजी डोळ्यांपुढे उभी राहिली. आम्ही गोंदिया जिल्ह्यातले. आमच्याकडे कापूस नाही, धान आहे आणि गावाला लागून जंगल आहे. चैत्राच्या सुमारास मोहाची फुले गळू लागली, की माझी आजी कोणी न उठवता पहाटे उठून बसते. मोहफूल रात्री उमलते आणि पहाटे गळते, त्यामुळे ऊन चढण्याच्या आत ते वेचावे लागते, नाहीतर गाई-बकऱ्या येऊन फस्त करतात. आमच्या वाडीच्या टोकाला एकच झाड आहे. त्याच्या खालचा पालापाचोळा ती आदल्या दिवशी स्वतः झाडून ठेवते आणि पहाटे टोपली घेऊन त्या स्वच्छ जमिनीवर पडलेली पिवळसर पांढरी, रसाने भरलेली फुले वेचते. माझ्या भावाने एकदा तिला म्हटले, की एवढ्या फुलांचे शंभर-दोनशे रुपये मी तुला देतो, तू झोप. त्यावर ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. भावाने वाईट हेतूने म्हटले नव्हते, परंतु तिच्या पहाटेची किंमत त्याने बाजारभावाने केली, हे तिला लागले.

तिच्यासोबत मी तीन वर्षांपासून जाते. त्या वेळी ती जे बोलते, ते दिवसभरात कधीच बोलत नाही. माहेरच्या तळ्यावर ती कमळकाकड्या काढायला जात असे, तिच्या आईला पाण्याची भीती वाटत असे, हे सर्व मला मोहाच्या झाडाखाली समजले. म्हणून माझे मत असे, की काम परत द्या, पण त्या कामाच्या वेळी घरातले कोणीतरी जवळ असू द्या.

आमच्या आजोबांचा आनंद मात्र वर्षभर वाट पाहण्याचा आहे. भाऊबीजेनंतर आमच्या पट्ट्यात गावोगावी मंडई भरते, पाहुणे येतात आणि रात्री नाटक होते. वडशाच्या नाटक मंडळ्या तेव्हापासून थेट उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गावोगाव फिरत असतात. आजोबा घोंगडी घेऊन पुढच्या रांगेत बसतात आणि पहाटे पडदा पडेपर्यंत उठत नाहीत. पुढचे आठ दिवस घरात येणाऱ्या प्रत्येकाला ते नाटक सांगतात, आणि सांगताना खलनायकाचा आवाज दरवेळी थोडा मोठा होत जातो. तब्येतीच्या काळजीने त्यांना मंडईला नेऊ नये, असे एका वर्षी घरात ठरत होते. माझ्या आईने ते होऊ दिले नाही, याचे मला आजही समाधान वाटते.

उत्तर : निवृत्त मास्तर, तिवसा

चिरंजीव, मी स्वतःच आजोबा आहे, वय ७६. त्यामुळे बाहेरून पाहून नव्हे, तर आतून सांगतो.

तुम्ही लोक दूरवरून फोन करता तेव्हा तुमचा पहिला प्रश्न गोळ्या घेतल्या का, हा असतो आणि दुसरा जेवण झाले का, हा असतो. या दोन्ही प्रश्नांत माया आहे, हे आम्हाला कळते. पण त्या दोन प्रश्नांची उत्तरे दिल्यावर बोलण्यासारखे काही उरत नाही आणि फोन सूनबाईंकडे जातो. माझा धाकटा नातू नागपूरला शिकतो. त्याने मागच्या मृगात मला विचारले, "आबाजी, पहिला पाऊस कोणत्या तारखेला आला, आणि वास कसा होता?" मी पेरणीच्या आणि पावसाच्या तारखा तीस वर्षांपासून वहीत लिहीत आलो आहे, ती वही कोणी मागेल असे मला वाटले नव्हते. त्या दिवशी मी त्याला तीन वर्षांचा पाऊस वाचून दाखवला. तुमच्या आजीला वातींविषयी विचारा. आज किती झाल्या, सूत तुटते का, यंदाचा कापूस कसा आहे, असे विचारा. ज्याला ज्याचे ज्ञान आहे, त्याला ते विचारणे हाच त्याचा मान असतो.

माझ्या दिवसाचे म्हणाल, तर सकाळच्या एसटीने वर्तमानपत्र येते, ते चौकातून आणायला मी स्वतः जातो. कधी बस उशिरा आली, तर तेथे जमलेल्या चौघांत गप्पा होतात आणि उशीर झाला याचेच बरे वाटते. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना असते. आमच्या तालुक्यातच मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज असल्यामुळे लहानपणापासून प्रार्थनेचे वळण आहे. आता आवाज लागत नाही, पण खंजिरीचा ताल हातातून सुटलेला नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकताना "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" हे म्हणण्याचा मान आमच्या घरी अजून माझाच आहे. आता आमच्याकडे एकच जोडी उरली आहे. तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणायला मी उभा राहिलो, की तरुण मुले मोबाइल वर करून ध्वनिमुद्रण करतात. मला ते आवडते. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन पोरे दारात येतात, तेव्हा बोजारा, म्हणजे पोरांच्या हातावर ठेवायचे पैसे, देण्यासाठी मी आठवडाभर आधीपासून सुटे पैसे जमवतो.

आणखी एक, ज्याचा शहरातल्या लोकांना अंदाज येत नाही. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले. माझे पंचाहत्तरावे वर्ष पूर्ण झाल्यावर मी आणि माझी पत्नी कोणाकडेही पैसे न मागता, कोणाची गाडी मोकळी होण्याची वाट न पाहता शेगावला जाऊन आलो. येताना तिने खिडकीची जागा मला दिली नाही. तिकिटाचे पैसे वाचले, ही त्यातली लहान गोष्ट होती. आम्ही जायचे ठरवले आणि गेलो, ही मोठी होती.

उत्तर : सूनबाई, वाशीम

वरील सर्वांचे म्हणणे मला पटते, पण घरात राहून हे सर्व सांभाळणाऱ्या बाईच्या बाजूनेही कोणीतरी लिहायला हवे. आजीला शेतात न्यायचे म्हणजे काकूंना पूजेची तयारी, वेचणाऱ्या बायांचा चहा आणि आजींचे येणे-जाणे, हे सर्व एकाच सकाळी करावे लागते. तेव्हा काकूंना दोष देण्याआधी, बंडी कोण जुंपणार आणि आजींना कोण बसवणार, हे तुम्ही ठरवून द्या.

माझ्या सासूबाईंनाही खाली बसता येत नाही. म्हणून आम्ही कामातला जाणत्याचा भाग त्यांच्याकडे ठेवला आणि कष्टाचा भाग आमच्याकडे घेतला. उन्हाळ्यात कुरडया करताना गहू भिजत घालणे, वाटणे, गाळणे आणि चीक ढवळणे ही आमची कामे. पण चीक शिजला की नाही, हे सासूबाई सांगणार. त्या स्टुलावर बसून उलथन्यावरचा चीक पाहतात, बोटाला लावतात आणि "अजून थोडा" म्हणतात. त्यांनी होकार दिल्याशिवाय सोऱ्या भरला जात नाही. नंतर सावलीत बसून हातात काठी घेऊन त्या वाळवणाची राखण करतात, आणि शेजारची लहान मुले ओला चीक मागायला त्यांच्याभोवती जमतात. सकाळी दहानंतर मात्र आम्ही त्यांना अंगणात बसू देत नाही. आमच्याकडचे मे महिन्यातले ऊन तरुणांनाही सोसत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. महिन्याभराने त्यांनी स्वतः सुईत दोरा ओवला आणि अर्धवट राहिलेली वाकळ शिवायला घेतली. जुने टाके पाहून त्या म्हणाल्या, की मला दिसत नव्हते तेव्हा तुम्ही कोणी सांगितले का नाही, हे किती वाकडे झाले आहेत. तेवढी ओळ त्यांनी उसवून पुन्हा घातली. ती वाकळ आता माझ्या मुलीच्या अंगावर असते.

उत्तर : एक वाचक, आर्वी

थोडे वेगळे सांगतो. प्रत्येक वृद्धाला काम हवेच असते, असे नाही. माझे आजोबा साठ वर्षे औताच्या मागे चालले. आता ते दुपारी कडुनिंबाखाली बाज टाकून पडतात आणि कोण कोणत्या शेताकडे गेले ते पाहतात. त्यांना काम दिले, तर ते नाराज होतील. आधी त्यांनाच विचारून पाहावे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : दारव्ह्याचा नातू

सर्वांचे मनापासून आभार. वाशीमच्या ताईंचे वाचून मी आधी काकूंना फोन केला, आणि मी आजवर त्यांच्या अडचणीचा विचारच केला नव्हता, हे त्यांना सांगितले. दुसऱ्या वेच्याच्या दिवशी काकांनी बंडी जुंपली, त्यात गादी टाकली आणि आजीला शेतात नेले. सीतादही एकदाच होते, ती पुन्हा करायची नसते, असे तिने स्वतःच सांगितले. पण धुऱ्यावरच्या बोरीच्या सावलीत खुर्ची ठेवली होती, तिच्यावर ती बसली नाही. काठी टेकत पहिल्या ओळीतल्या चार झाडांपर्यंत गेली आणि पदराची ओटी करून वाती पुरतील इतका कापूस तिने वेचून आणला. पुढच्या वर्षीच्या पूजेला मी त्याच दिवसाची सुट्टी काढणार आहे, आणि बंडी मी हाकणार, हे काकांशी ठरले आहे.

मास्तरांचे सांगणे मी त्याच रात्री अमलात आणले. गोळ्यांचे काही न विचारता मी आजीला विचारले, की साडेसातशेपैकी किती पदर झाले. ती म्हणाली, चारशे दहा. दुसऱ्या दिवशी चारशे ऐंशी झाले होते. तिसऱ्या दिवशी आबाजींनी फोन उचलला आणि तिच्या आधीच आकडा सांगून टाकला, तेव्हा मागून तिचे रागावणे ऐकू आले. काल मी जरा लवकर फोन केला. "थांब बाप्पा, गनती चुकते माही," असे म्हणून तिने फोन तसाच मांडीवर ठेवला, आणि सहाशे बासष्टपासून पुढे ती एकेक पदर मोजत असताना मी कितीतरी वेळ कानाला फोन लावून ऐकत राहिलो.