मदत हवी आहे: आईला घेऊन फेअर आइलला (शेटलँड) जायचंय, किती दिवस हाताशी ठेवू?

नमस्कार मंडळी,

आम्ही ॲबर्डीनला असतो. मेअखेर आई-बाबा पुण्याहून येतायत. काय काय बघायचं विचारलं तर आईने एकच नाव सांगितलं. लंडन नाही, एडिंबरा नाही. फेअर आइल.

आई आयुष्यभर विणत आलीय. मी लहान असताना कुठल्याशा मासिकातला ‘फेअर आइल’ नमुना बघून तिने बाबांना बिनबाह्यांचा स्वेटर केला होता. एका ओळीत दोनच रंग, त्या टाक्याला जो नको तो मागून न्यायचा. तिने मागचा धागा जरा जास्तच ओढून घेतला आणि छातीवरची सगळी नक्षी चुण्या पडून आवळली. तो उसवायला बाबांनी दिला नाही. अजून कपाटात आहे, बसत नाही ती गोष्ट वेगळी. फेअर आइल हे नुसतं डिझाइनचं नाव नाही, ते खरंखुरं बेट आहे आणि तिथे माणसं राहतात, हे मी तिला इथे आल्यावर सांगितलं. झालं, तेव्हापासून भुंगा लागलाय.

आतापर्यंत मला कळलंय ते असं. स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी आणि शेटलँड यांच्या मुख्य बेटांच्या साधारण मधोमध, जेमतेम पाच किलोमीटर लांबीचं बेट. वस्ती पन्नासच्या आसपास. घरं-शेतं दक्षिणेला, उत्तरेला नुसता माळ आणि कडे. 1954 पासून मालकी नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे. दुकान एकच, पब नाही (नवऱ्याचा उत्साह इथेच निम्मा झाला). चोवीस तास वीजसुद्धा 2018 मध्ये आली!

घोडं अडलंय ते प्रवासाशी. ॲबर्डीनहून रात्रीच्या मोठ्या बोटीने सकाळी लेरविक (शेटलँडचं मुख्य गाव), इथवर ठीक. पुढे एकतर टिंगवॉलहून छोटं विमान, पंचवीस मिनिटं, नाहीतर ग्रटनेसहून अडीच तासांची बोट, तीही फक्त बारा प्रवाशांची. आईला मांडव्याला जाताना बोट लागते. म्हणजे विमानच. पण गेल्या वर्षी आम्ही दोघं लेरविकमध्ये दीड दिवस धुकं निवळायची वाट बघून हात हलवत परत आलो.

आई-बाबांचं परतीचं विमान 27 जूनचं आहे. आधी शेटलँड फिरून 19 ते 22 जून बेटावर, असा बेत आहे. चालेल का? आईचे गुडघे बरे आहेत, वय 69, बीपीची गोळी चालू. दोघं शाकाहारी. आणि तिथे कुणी विणताना बघायला मिळेल का? खरं तर आईला तेवढंच हवंय.

प्रतिसाद १

ताई, बेत उलटा करा. बेट आधी, शेटलँड नंतर. आम्ही तीन वर्षांपूर्वी जूनमध्येच गेलो होतो. बेटावर दोन दिवस जास्त अडकलात तर लेरविकमधले दोन दिवस कमी होतील, बास. तुमच्या बेतात अडकलात तर थेट मुंबईचं विमान बोंबलेल.

दिवसात जाऊन येण्याच्या फंदात पडू नका. तीन रात्री तरी राहाच. हॉटेलं नाहीत, आम्ही लोकांच्या घरी राहिलो आणि जेवणही तिथेच, त्यामुळे शाकाहाराचं आरक्षण करतानाच स्पष्ट कळवा. मासे चालतात का, असं उलट विचारतील.

नॉर्थ हेवन बंदराजवळ पफिन (रंगीत चोचीचे समुद्रपक्षी) अगदी जवळून दिसतात. आमच्यापासून चार हातांवर एकजण चोचीत मासे आडवे धरून उभा होता, बिळात जाऊ की नको करत. ऑगस्ट उजाडला की मात्र हे सगळे समुद्रावर निघून जातात. माळावर जाल तर स्कुआपासून सांभाळून. हा तपकिरी, दांडगा पक्षी अंड्या-पिल्लांच्या दिवसांत थेट डोक्यावर झेप घेतो. काठी डोक्यापेक्षा उंच धरून चालायचं, म्हणजे तो काठीच्या टोकावर येतो. माझ्या मेव्हण्याने ऐकलं नाही, टोपी गेली.

बंदरात एक गंमत बघा. हवा बिघडली की तिथली ती बोट, गुड शेफर्ड, चक्क ओढून पाण्याबाहेर घेतात. ती वर चढवलेली दिसली की समजायचं, आज कुणी कुठे जात नाही.

प्रतिसाद २

मी विणणारी, म्हणून तेवढंच बोलते. स्वेटरांनी भरलेलं दुकान डोळ्यांसमोर आणू नका. विणणारे मोजके आहेत आणि मागणीप्रमाणे करतात. आधी लिहून वेळ ठरवलीत तर बसून बघायला मिळेल. जुन्या विणीचे नमुने पक्षितज्ज्ञ जॉर्ज वॉटर्स्टन यांच्या नावाच्या छोट्या संग्रहालयात आहेत. बंद असेल तर विचारा, उघडतात.

1588 मध्ये स्पॅनिश आरमाराचं ‘एल ग्रान ग्रिफॉन’ हे जहाज इथे फुटलं. त्यातले तीनशेच्या आसपास लोक कित्येक आठवडे बेटावर राहिले. या नक्ष्या त्यांनीच शिकवल्या अशी दंतकथा तुम्हाला कुणीतरी सांगेलच. ऐकून घ्या, विश्वास ठेवू नका. जाणकार ते मानत नाहीत. पुढे 1920 च्या दशकात इंग्लंडच्या युवराजाने असा स्वेटर गोल्फ खेळताना घातला आणि जगभर फॅशन झाली.

आणि काकांचा तो स्वेटर बरोबर न्याच!

प्रतिसाद ३

बेटावर नर्स असते, डॉक्टर नाही. बीपीच्या गोळ्या आठवडाभर जास्तीच्या ठेवा. भाजणी आणि मेतकूट लेरविकला मिळत नाही, आईंना पुण्याहूनच आणायला सांगा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. बेत उलटा केला, आता 11 ते 14 जून बेट, मग शेटलँड. राहायची सोय झाली. घरमालकीणबाईंनी शेजारणीशी बोलून ठेवलंय, ती शुक्रवारी दुपारी विणायला बसते म्हणे.

स्वेटरचं आईला फोनवर सांगितलं. “चुकलेला नग तिथे जाऊन दाखवू?” म्हणाली आणि विषय बदलला. काल बाबांचा मेसेज आला, त्यांनी तो त्यांच्या बॅगेत तळाशी घातलाय, आईला सांगू नकोस.

एकच अडचण उरलीय. जातानाचं विमान मिळालं, येतानाचं त्या दिवशी भरलंय, म्हणजे बोट. आलेपाक पुरेल, की निघायच्या आधी गोळीच द्यावी? बीपीच्या औषधाबरोबर कुणी घेतली असेल तर सांगा. डॉक्टरांना विचारणार आहेच, पण अनुभव हवाय.