संकलनातून बँडची ओळख होते का? क्वीनचे 'ग्रेटेस्ट हिट्स' आणि त्याबाहेर राहिलेले क्वीन

तबकडी

माझ्या अठरा वर्षांच्या भाचीने गेल्या महिन्यात मला सांगितले, की क्वीन हा बँड तिचा आता पूर्ण ऐकून झाला आहे. चौकशी केल्यावर समजले, की तिने १९८१ सालचे 'ग्रेटेस्ट हिट्स' हे संकलन ऐकले असून त्यातली सतराही गाणी तिला तोंडपाठ आहेत. तिच्या आनंदावर विरजण घालणे मला पटले नाही, म्हणून त्या वेळी मी गप्प राहिलो. पण तो 'पूर्ण' हा शब्द मनातून जात नाही, म्हणून विषय इथे मांडतो आहे. माझे म्हणणे असे, की अशा संकलनातून नव्या श्रोत्याच्या हाती गाणी लागतात, बँड लागत नाही; आणि गाणी मिळाल्याच्या समाधानात बँड शोधण्याची गरजच त्याला वाटेनाशी होते.

या संकलनाच्या ब्रिटिश आवृत्तीत काय नाही ते पाहा. १९७३ च्या पहिल्या अल्बममधले एकही गाणे तिच्यात नाही. ड्रमर रॉजर टेलरने लिहिलेले एकही गाणे नाही, त्यामुळे त्याचा तो चढा, खरखरीत आवाज मुख्य गायक म्हणून कानावर पडतच नाही. 'अ नाइट ॲट दि ऑपेरा' (१९७५) या अल्बममध्ये बारा रचना आहेत. त्यांतल्या फक्त दोन घेतल्या आहेत. त्या दोहोंपैकी 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' संकलनाच्या अगदी आरंभी येते. मूळ अल्बममध्ये ती शेवटून दुसरी आहे, आणि तिथे पोहोचेपर्यंत श्रोत्याने एक संतापाने धुमसणारे गाणे, मोटारीवर जीव जडलेल्या माणसाचे टेलरचे गाणे, गिटारवादक ब्रायन मेचे लोकगीताच्या वळणाचे अंतराळप्रवासाचे गाणे आणि आठ मिनिटांहून लांब असलेले 'द प्रॉफेट्स साँग' ऐकलेले असते. या शेवटच्या गाण्याच्या मधोमध मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरीचा एकट्याचा आवाज स्वतःच्याच प्रतिध्वनींशी गुंफत जातो. एवढी वाट चालून आलेल्या श्रोत्याला ऱ्हॅप्सडीतला ऑपेराचा भाग आगंतुक वाटत नाही, कारण अल्बमने त्याचा कान आधीच तयार केलेला असतो. संकलन ऐकणाऱ्याला तोच भाग एक अचाट चमत्कार म्हणून भेटतो. चमत्कार आवडतो, हे मान्य. पण तो कुठून आला याचा पत्ता लागत नाही.

कॅसेटपिढी

तुमच्या भाचीने सतरा गाणी पाठ केली, ही मला आनंदाची बातमी वाटते, आणि तुमच्या निष्कर्षाशी मी मुळीच सहमत नाही. आधी माझा अनुभव सांगते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस नाशिकमध्ये कॉलेजात असताना महिन्याला एखादी कॅसेट घेता येईल एवढेच पैसे माझ्याजवळ उरत. कोणता बँड चांगला, त्याचा कोणता अल्बम आधी घ्यावा, हे सांगणारे घरात किंवा शेजारीपाजारी कोणी नव्हते, आणि ज्या बँडचे नाव फक्त ऐकून माहीत आहे त्याच्या एखाद्या अवघड अल्बमवर महिन्याचे पैसे लावण्याची छाती माझ्यात नव्हती. मैत्रिणीच्या भावाकडून उतरवून घेतलेली 'ग्रेटेस्ट हिट्स'ची कॅसेट हीच माझी सुरुवात. 'अ नाइट ॲट दि ऑपेरा' माझ्या हाती आला तो त्यानंतर चार वर्षांनी, आणि तो मी मागवला तो केवळ त्या कॅसेटमुळे. पहिली पायरी लहान आहे म्हणून तिच्यावर रुसायचे कशाला?

दुसरे असे, की संकलन मूळ मांडणी मोडते हा आरोप क्वीनच्या बाबतीत अर्धाच खरा आहे. १९७८ च्या 'जॅझ' अल्बममध्ये 'फॅट बॉटम्ड गर्ल्स' दुसरे आणि 'बायसिकल रेस' चौथे आहे. मध्ये एक वेगळेच गाणे येते. ही दोन्ही गाणी एकमेकांचा उल्लेख करतात आणि सिंगल म्हणूनही, म्हणजे अल्बमहून वेगळ्या विकल्या जाणाऱ्या एक-दोन गाण्यांच्या छोट्या तबकडीच्या रूपातही, ती जोडीने निघाली होती. संकलनात ती लागोपाठ आहेत. म्हणजे अल्बमने दूर ठेवलेली जोडी संकलनाने पुन्हा एकत्र आणली. 'वी विल रॉक यू' आणि 'वी आर द चॅम्पियन्स' तर १९७७ च्या अल्बमच्या आरंभी ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने इथे शेवटी येतात. निवड करणाऱ्यांना गाण्यांचे नातेसंबंध कळत होते, एवढे तरी मान्य करा.

आणि लोकांचा कौलही पाहा. २०२२ मध्ये, स्ट्रीमिंग धरून, ब्रिटनमध्ये ७० लाख विक्रीचा टप्पा गाठणारा हा पहिला अल्बम ठरला. एवढ्या घरांतून एकही जिज्ञासू पुढे गेला नसेल असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

मंद्रसप्तक

विक्रीचा आकडा इथे लागू पडत नाही. संकलन किती जणांनी घेतले हे त्यातून कळते, त्यांतले किती जण पुढच्या अल्बमपर्यंत गेले हे कळत नाही, आणि वाद नेमका त्याच गोष्टीचा आहे.

मला चिंता वाटते ती निवडीच्या निकषाची. २००० साली बीटल्सचे '१' नावाचे संकलन निघाले. ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेली २७ गाणी, असा त्याचा सरळ नियम होता. नियम निर्दोष आहे, परिणाम पाहा. 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' या अल्बममधले एकही गाणे त्यात नाही, कारण त्यातून सिंगल काढलेच नव्हते. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर अडकले, म्हणून तेही बाहेर राहिले. ज्या नव्या श्रोत्याने १९६७ मधले बीटल्स फक्त या संकलनातून ऐकले, त्याला त्या वर्षी स्टुडिओत काय घडले याचा सुगावा लागणार नाही. लोकप्रियतेच्या चाळणीतून बारीक दाणे खाली राहतात, आणि पुष्कळदा खरा कस त्यांतच असतो.

कॅसेटपिढी

मंद्रसप्तक, आकड्याबद्दलचा तुमचा आक्षेप योग्य आहे. तो मुद्दा मी मागे घेते. पण बीटल्सचे उदाहरण तुमच्याच विरुद्ध जाते. 'शी लव्ह्ज यू' किंवा 'हे जूड' ही गाणी त्या काळच्या ब्रिटिश एल.पी.वर, म्हणजे पूर्ण लांबीच्या अल्बमवर, नव्हतीच. तिथल्या बँडना आणि कंपन्यांना सिंगल हीच स्वतंत्र कलाकृती वाटत असे, आणि अल्बममध्ये तेच गाणे पुन्हा घालणे म्हणजे गिऱ्हाइकाकडून दुप्पट पैसे घेणे, अशी भावना होती. तेव्हा अशा गाण्यांचे हक्काचे घर संकलन हेच आहे. 'सर्व मूळ अल्बम ऐका' असा उपदेश निष्ठेने पाळणारा श्रोता 'हे जूड'ला मुकेल. अपूर्णता दोन्हीकडे आहे.

पाचगणीकर

मी तबकडी यांच्या बाजूने आहे, पण माझे कारण वेगळे आहे. फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेला फारुख बलसारा, आमच्या गावच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तिथेच 'द हेक्टिक्स' या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवू लागला. २०१८ मध्ये त्याच्यावरचा चित्रपट आल्यापासून शाळेचा पत्ता विचारणारी तरुण मंडळी मला वारंवार भेटतात. त्यांचा उत्साह मनापासूनचा असतो आणि मला तो आवडतो. मात्र त्यांच्याशी बोलताना तीच पाच-सहा गाणी निघतात, आणि मी 'जॅझ'मधल्या पहिल्याच 'मुस्तफा' या गाण्याचे नाव घेतले, की ते कोणी ऐकलेले नसते. हे मर्क्युरीने स्वतः लिहिलेले गाणे आहे. अजानेची आठवण करून देणाऱ्या हाकेने ते सुरू होते आणि पुढे इंग्रजीला अरबी वळणाच्या शब्दांची जोड मिळते. झांझिबार आणि पाचगणी यांच्यामध्ये वाढलेल्या मुलाच्या कानावर लहानपणी काय पडले असेल, याचा विचार करायला लावणारे त्याचे दुसरे गाणे मला माहीत नाही. जी मंडळी त्याच्या बालपणाचा माग काढत घाट चढून इथवर येतात, त्यांनाच हे गाणे माहीत नसावे याची मला फार हळहळ वाटते. संकलनाने त्यांना फसवले असे मी म्हणणार नाही. पण त्याने त्यांना या दाराशी आणलेही नाही.

तबकडी

पाचगणीकर, 'मुस्तफा'चे उदाहरण माझ्या कोणत्याही युक्तिवादापेक्षा जास्त बोलके आहे. कॅसेटपिढी, 'बायसिकल रेस'च्या जोडीबद्दल तुम्ही म्हणता ते खरे आहे आणि ते माझ्या ध्यानात आले नव्हते. तरीही एक उदाहरण पुढे ठेवतो.

'सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय' हे संकलनातले शेवटून तिसरे गाणे. १९७४ च्या 'क्वीन टू' या अल्बमच्या दोन बाजूंना बँडने पांढरी बाजू आणि काळी बाजू अशी नावे दिली होती, आणि काळ्या बाजूवरची सहाही गाणी मर्क्युरीची आहेत. ती एकातून एक निघत जातात आणि शेवट या गाण्याने होतो. गाणे संपता संपता समुद्रकिनाऱ्यावरच्या सुट्टीचे एक जुने इंग्रजी गीत लोक घोळक्याने म्हणताना ऐकू येतात. त्याच वर्षीचा पुढचा अल्बम जत्रेच्या गलबल्याने उघडतो, आणि त्या गलबल्यात कोणीतरी त्याच गीताची चाल शिटीवर वाजवत असते. एका अल्बमने सोडलेला धागा दुसऱ्याने असा उचलला. संकलनात त्या घोळक्यामागून 'वी विल रॉक यू'चे ठोके सुरू होतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही माणसे कोण, ती मध्येच का गाऊ लागली, काहीच उमगत नाही. मला बँड म्हणजे हे वाटते: एका कामातून दुसऱ्या कामाकडे गेलेली वाट. ती संकलनात दिसू शकत नाही, मग निवड करणारा कितीही जाणकार असो.

कॅसेटपिढी

तबकडी, ते घोळक्याचे गाणे मलाही त्या उतरवलेल्या कॅसेटवर पहिल्या दिवशी खटकले होते. मैत्रिणीच्या भावाने काही तरी चुकून वरून भरले असेल असे मला वाटले, म्हणून मी त्याला जाऊन विचारले. त्याने 'क्वीन टू'चे नाव सांगितले. ते नाव मी वहीत लिहून ठेवले, आणि 'ऑपेरा'नंतर मागवलेला दुसरा अल्बम तोच होता. ज्याला तुम्ही संकलनातले भगदाड म्हणता, त्यातूनच मी आत शिरले.

म्हणून भाचीच्या बाबतीत माझी एक विनंती आहे. तिच्या 'पूर्ण' या शब्दाला हात लावू नका, आणि अल्बमांची यादीही तिच्यापुढे ठेवू नका. पुढच्या भेटीत फक्त एवढेच विचारा, की 'सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय'च्या शेवटी ती माणसे काय गात आहेत.

तबकडी

येत्या रविवारी ती घरी येणार आहे. काळी बाजू काढून ठेवतो, पण तिने विचारल्याशिवाय लावणार नाही.