शब्दचर्चा : 'साटोर' म्हणजे काय?

— 'साटोर' नावाचा २०१९चा भयपट पाहिला. शब्दाचा अर्थ काय? आणि हा शब्द ज्यात येतो त्या, उलटसुलट सारख्या वाचल्या जाणाऱ्या शब्दांच्या चौकोनाला मराठीत काही नाव आहे का?

— लॅटिनमध्ये 'साटोर' म्हणजे पेरणारा. साधा शेतातला शब्द! भीती चिकटली ती चौकोनामुळे. पाच शब्द एकाखाली एक : साटोर, आरेपो, टेनेट, ओपेरा, रोटास. रोमन लिपीत डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून कसेही वाचा, तेच. पॉम्पेई हे रोमन शहर इ.स. ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं आणि तिथल्या एका खांबावर १९३६मध्ये हा चौकोन सापडला, म्हणजे कोडं त्याहून जुनं. तिथे मात्र 'रोटास' सर्वांत वर आहे. अर्थ लावायचाच तर 'पेरणारा आरेपो कष्टाने चाकं धरतो'. आता हा आरेपो कोण? लॅटिनमध्ये हा शब्द दुसरीकडे कुठेच नाही. मला तर वाटतं, 'ओपेरा' उलटा करून नुसता बसवलाय. पुढे मध्ययुगात लोक आगीवर, तापावर उतारा म्हणून हा चौकोन लिहू लागले. एकदा ताईत झाला की भयकथेत शिरायला कितीसा वेळ!

— काका, पण देवनागरीत हे जमतच नाही. आत्ता पाठकोऱ्या कागदावर लिहून पाहिलं. 'साटोर' उलटं केलं की 'रटोसा'. रोटास कुठे गेला?

— बरोबर. रोमन लिपीवाले सुटे वर्ण उलटतात, आपण काना-मात्रेसकट अख्खं अक्षर उलटतो. म्हणूनच 'रामाला भाला मारा' जमतं. चौकोन हवा असेल तर संस्कृत कवी माघाच्या 'शिशुपालवध' या महाकाव्याचा एकोणिसावा सर्ग उघडा :

सकारनानारकास
कायसाददसायका
रसाहवावाहसार
नादवाददवादना

या चार ओळींखाली त्याच चार उलट्या क्रमाने मांडा. आठ बाय आठचा चौकोन, चारी बाजूंनी तोच. याला 'सर्वतोभद्र' म्हणतात. तुमच्या प्रश्नाला हाच शब्द घ्या, नवा घडवू नका.

— सर्व बाजूंनी भद्र! आणि १९८०च्या 'द शायनिंग'मध्ये पोरगं दारावर 'रेडरम' लिहितं, आई आरशात बघते तर 'मर्डर'.

— आपला वाल्या कोळी नेमका उलट. 'मरा मरा' म्हणता म्हणता 'राम' होतं.

— तेही अक्षरं उलटतात म्हणूनच ना? सुटे वर्ण उलटले तर 'आरम' येतं. राम नाही आणि मरणही नाही.