फिन्स, रेडिएटर आणि जुना बाज

जुन्या मोटरसायकलींच्या नव्या अवतारांबद्दल काही जण म्हणतात की वॉटर-कूल्ड इंजिनावर फिन्स, म्हणजे जुन्या इंजिनांना हवेने थंड ठेवणाऱ्या पातळ पट्ट्या, ठेवणं म्हणजे निव्वळ देखावा. मला हे पटत नाही. 2016 ची ट्रायम्फ बॉनव्हिल टी120 जरा वाकून बघा. रेडिएटर चिंचोळा, फ्रेमच्या पुढच्या दोन नळ्यांमध्ये दडवलेला. आणि इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडींना चक्क जुन्या ब्रिटिश गाड्यांवरच्या अमल कार्ब्युरेटरचा आकार! मूळ गाडीवर जीव असल्याशिवाय कोणी एवढा खटाटोप करत नाही. 1959 ची 650 सीसी बॉनव्हिल सडपातळ होती, ही 1200 सीसीची अंगाने भरली आहे, हे मान्य. पण टाकी-सीटची रेघ बघितली की ओळख पटते.

बीएसए गोल्ड स्टार या दुसऱ्या जुन्या ब्रिटिश गाडीच्या नव्या अवताराबद्दल मात्र मन खट्टू होतं. महिंद्राच्या क्लासिक लेजंड्सने 2021 मध्ये ती पुन्हा जगासमोर आणली, याचा मला मनापासून अभिमान आहे. क्रोमची टाकी तर डोळ्यांत भरते. पण जुन्या गोल्ड स्टारच्या डीबीडी34 क्लबमन मॉडेलची खरी ऐट होती खाली झुकलेल्या क्लिप-ऑन हँडलमध्ये. नव्या 652 सीसी गाडीचं हँडल उंच, ऐसपैस. जुन्या काळी लंडनच्या एस कॅफेसमोर जमणाऱ्या वेगवेड्या बाइकवाल्या पोरांची गाडी ती मला वाटत नाही.